हललेले फोटो

"एकदाचे सगळे फोटो नीट कुठेतरी ठेव," म्हणत घरातल्यांनी आपापले फोन तिच्यापुढे टाकले आणि हात झटकले. सलग तिसरा रविवार. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले, हार्डडिस्क भरत आली तरी फोटो काही संपेनात. शेवटी वैतागून तिने हललेले फोटो सरसकट उडवायला घेतले.

त्यातले बहुतेक सासूबाईंनी काढलेले. हात थरथरायचा, तरी कुठेही गेलं की "आण तो फोन इकडे" म्हणून मागे लागायच्या. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. "तेवढीच जागा झाली," असं पुटपुटत तिने उरलेल्या फोटोंच्या दोन डिस्कवर दोन प्रती केल्या, सगळ्यांचे फोन रिकामे केले आणि चहा टाकला.

तेवढ्यात धाकटीने फोटो टीव्हीवर लावले. बाबा होते, दादा होता, आजी तर ढिगाने होती, शेजारचं मांजरसुद्धा होतं.

"आई, तू एकातही कशी नाहीस गं?"



"आण तो फोन इकडे, आणि तू जा त्यांच्यात," असं म्हणणारं घरात एकच माणूस होतं.