रिनाची दहावी मुलाखत

रिना बाहेर आली आणि बाकड्यावर बसली, अश्विनपासून दोन हात लांब.

"विचारलं?" समोर पाहतच अश्विननं हळू आवाजात विचारलं.

"विचारलं. तुमच्यातली कमजोरी सांगा म्हणे."

"मंग? आपलं ठरलं होतं तेच सांगतलं ना?"

"नाई. तोंडातून निघालंच नाई ते. खरं होतं तेच सांगून टाकलं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेलं हेबी. मले मालूम आहे."

आपण नवरा-बायको आहोत हे इथं कोणाला सांगायचं नाही, असं घरून निघतानाच ठरलं होतं. एका घरचे दोन अर्ज दिसले की दोन्ही बाद होतात, असं अश्विनचं म्हणणं. रिनाच्या कागदांवर माहेरचं आडनाव होतं, त्यामुळे ते अवघडही नव्हतं.

भामरागडच्या रस्त्याला, जंगलात, एका संस्थेचं हे लेकरांचं वसतिगृह. साठ मुलं-मुली, सगळी पहिली ते चौथीची. अधीक्षकाची एकच जागा, बाई चालेल नाहीतर माणूस. राहायला आवारातच दोन खोल्या. सकाळी बारा जण आले होते. दुपारच्या जेवणानंतर दोनच नावं उरली, रिना आणि अश्विन.

रिनाची ही दहावी मुलाखत. वडसा, वरोरा, चंद्रपूर, सगळीकडे ती याच एका प्रश्नावर अडकायची. "माह्यात काय कमी आहे, हे मीच काऊन सांगू? ते सांगाले सारेच बसले आहेत," असं म्हणायची. नवव्या मुलाखतीहून परत आली तेव्हापासून तिचं बोलणंच आटलं. कोणी पाहुणा आला की आतल्या खोलीत जाऊन बसायची. डी.एड. झालेली बाई मजुरीनं लोकांच्या बांधीत धानाचा रोवणा करते, असं तिला तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. तिलाच ते सारखं ऐकू यायचं. वय चौतीस झालं होतं. हा फॉर्म भरताना म्हणाली होती, "हे शेवटचं. याच्यानंतर मले कोणत्या जागेचं नाव सांगू नका."

अश्विनचे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते. एका वसतिगृहात त्यानं दोन वर्षं कामही केलं होतं. जंगलातली जागा, म्हणजे माणसालाच घेतील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याला लागली तर घर चाललं असतं. पण रिना त्या दोन खोल्यांत अधीक्षकाची बायको म्हणून बसली असती, आणखी गप्प होत गेली असती, आणि मग... पुढचा विचार तो करायचाच नाही.

"अश्विन खोब्रागडे," आतून हाक आली.

टेबलामागे संस्थेच्या सचिव इंदुताई आणि निवृत्त हेडमास्तर मुखरू सर बसले होते. त्यांनी शिक्षणाचं काही विचारलंच नाही. गावाचं विचारलं, आईची तब्येत विचारली, लेकरांत मन रमतं का ते विचारलं. इंदुताई हसून बोलत होत्या. सर मान डोलवत होते. अश्विनला धोका दिसला. आपण यांना आवडलो होतो.

"आता शेवटचं, भाऊ," इंदुताई म्हणाल्या. "तुमच्यातली एखादी कमजोरी सांगा. आहे तशी सांगा."

"मी पितो, बाई."

सरांची मान थांबली. "जिल्ह्यात तर दारूबंदी आहे."

"पाहणाऱ्याले भेटते, सर."

"कधीतरी?"

"रोजच."

अश्विननं जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्याचा बाप देवाजी दारूनंच गेला होता. त्यामुळे काय बोलायचं हे त्याला शोधावं लागलं नाही.

इंदुताईंचं हसू मावळलं. "अन् घरी? बायकोवर हात उठते?"

अश्विनला आईचा सुजलेला गाल आठवला. त्यानं मान खाली घातली. "उठते कधी कधी. मंग पस्तावा होते."

"ती काई म्हणत नाई?"

"ती काय म्हणन, बाई? लोकाइपाशी माह्याबद्दल चांगलंच सांगते."

तो बाहेर आला तेव्हा त्याचा जीव हलका झाला होता. रिनानं नजरेनंच विचारलं.

"माहं काई खरं नाई," तो म्हणाला. "तुहंच होते, पाहाजो."

थोड्या वेळानं इंदुताईंनी रिनाला पुन्हा आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं. अश्विन कान देऊन बसला.

"बस, रिना. मघाशी तू बाहेर गेली, तेव्हाच आम्ही तुझं नाव पक्कं केलं होतं."

अश्विननं डोळे मिटले. वर्षभरात पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला.

"एकटीनं राहाले भेव वाटते, हीच माही कमजोरी, असं तू म्हणाली," इंदुताई सांगत होत्या. "पण नवरा संग राहीन, तो बाहेरच बसला आहे, त्याच्यासारखा माणूस नाई, असंबी म्हणाली. म्हणून त्याले फक्त पाहाले बोलावलं आम्ही. लेकरांच्या आवारात राहणारा माणूस, एकदा पाहून घ्यावा." त्या थांबल्या. "रोज पितो, बायकोले मारतो, हे त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं. आता साठ लेकरांत तुम्हाले कसं ठेवू, सांग बरं?"

"खोटं आहे, ताई!" रिनाचा आवाज फाटला. "माह्यावर कधी बोट नाई उचललं त्यायनं. पेतबी नाई. लय चांगला माणूस आहे तो!"

अश्विन दार ढकलून आत घुसला. "बाई, मी खोटं बोललो! तिले जागा भेटावी म्हणून बोललो. विचारा तिले. रिना, सांग ना, सांग!"

रिना दचकून मागे सरली, तशा इंदुताई चटकन उठल्या आणि तिला पाठीशी घालून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.