शेवटचं मतदान

टेक्सस राज्यात खिशात पिस्तूल बाळगायची मुभा देणारं बिल विधिमंडळात आलं आणि इकडे बहारीनमध्ये रामजींची झोप उडाली. त्यांची लेक संघप्रिया तिथे शिकत होती. तुबलीच्या ज्या गॅरेजात ते फोरमन होते, तिथे येणाऱ्या प्रत्येक अमेरिकन गिऱ्हाइकाला ते आधी बिलाचं विचारत, मग गाडीचं.

शुक्रवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"या आठवड्यात शेवटचं मतदान होतं ना गं?"

"हो बाबा. बिल फेटाळलं त्यांनी. तुम्ही आता अजिबात काळजी करू नका. आणि वेळेवर जेवत जा."

"चला, खलास! सुटलो बाई," म्हणत रामजींनी फोन ठेवला.

इतका वेळ शेजारून रिसीव्हरला कान लावून बसलेल्या त्यांच्या पत्नी कुसुमबाई हरखून गेल्या होत्या. "अहो, ऐकलंत? जन्मभर आपण मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. आज किती गोड मराठीत बोलली पोर!"

"सातवीत गणितात नापास झाली होती, तेव्हाही पेपर दप्तरात लपवून अशीच गोड बोलली होती. मराठीत."

कुसुमबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे?"

"बिल पास झालं, कुसुम." रामजी फोनकडे बघत हसले. "पुढच्या शुक्रवारी तिला सांगतो, बाबा आता शांत झोपतो म्हणून. इंग्रजीत सांगतो. मग तिला खरं वाटेल."