पाहण्याच्या दिवशी अडलेला ड्रायव्हर

"जुना ड्रायव्हर पुरा काढून टाका, काकाजी," फोनच्या स्पीकरवरून अमर म्हणाला.

पडद्यावर चित्र उमटवणारा तो प्रोग्रॅम भोजराजनं कम्प्युटरमधून काढला. पडद्यावरची अक्षरं एकदम मोठाली झाली.

चार वाजता भोजराजच्या मुलीला, रीताला, व्हिडिओ कॉलवर पाहण्याचा कार्यक्रम होता. मुलगा म्हणजे हाच अमर, नोकरीला बंगळुरात. त्याचे आईवडील तुमसरहून तिकडेच गेलेले. इकडे शहापुरात चार काका कडक इस्त्रीचे सदरे घालून कम्प्युटरसमोर बसले होते. मोबाइलवर एवढी डोकी मावायची नाहीत, म्हणून थोरल्या तुलारामकाकांचा मोठ्या पडद्याचा हट्ट. पण व्हिडिओ लावला की पडदा काळा. त्यात उद्यापासून पौष. आज जमलं नाही तर महिनाभर बोलणी बंद, आणि एवढं चांगलं स्थळ महिनाभर थांबतंय कशाला?

भोजराजनं फोन कम्प्युटरजवळ सरकवला.

"आता मी पाठवला तो ड्रायव्हर टाका जी."

टाकला. या ड्रायव्हरला जुळणारं ग्राफिक्स कार्डच सापडत नाही, असं मशीन म्हणालं.

"मंग रिस्टार्ट करा."

केलं. तीनदा केलं.

"आई, मी पाहू काय?" आतल्या खोलीतून रीतानं हळूच विचारलं. लग्नाचे अल्बम तयार करायच्या कामासाठी ते कार्ड तिनंच आणून बसवलं होतं.

"चूप बस," ताराबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पोराकडचे फोनवर हायेत. पाहाच्या दिवशी पोरगी मशीन खोलून बसली, म्हणतीन."

रीता मुकाट्यानं पदर सावरत बसली.

पाच वाजले. काकांचा दुसरा चहा झाला. भोजराजला खुर्चीत बसवेना, उठवेना.

"मेकॅनिक बलाव ना," तुलारामकाका म्हणाले.

"रविवारी कोन येते, दादा?"

"घाबरू नका, काकाजी," अमर म्हणाला. "पयलेपासून करू."

पहिल्यापासून केलं आणि पडदा पुरताच गेला. भोजराजला रडू यायचं बाकी होतं.

"राहू द्या, काकाजी. कार्यक्रम पुढं पाहू," अमर शांतपणे म्हणाला.

भोजराजला भरून आलं. इतक्या वेळात पोरानं एकदाही आवाज चढवला नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

"पुढं कायले?" तो फोनवर ओरडलाच. "तू मले येवढं सांभाळून घेतलं, बापा. माह्या पोरीले नाई सांभाळशीन? देल्ली पोरगी! आता पाहाचं काई राह्यलंच नाई!"

"आमच्याकडूनही पक्कं!" पलीकडून अमरचे वडील गरजले. अमर काहीच बोलला नाही. लाजला असेल, असं सगळे धरून चालले. काकांनी टाळ्या पिटल्या. ताराबाई साखरेची वाटी घेऊन आत धावल्या.

साखर तोंडात घोळवत रीतानं पदराआड मोबाइल धरला आणि अमरला लिहिलं, "मी लिहून देल्लं तसंच सारं उलटं सांगतलं ना तू? मंग स्थळ मोडाच्या जागी पक्कं काहून झालं?"