मातीखालच्या पायऱ्या

रोममधल्या त्या प्राचीन देवळाचे खांब थेट मातीतून उगवल्यासारखे दिसायचे. बाबांनी मात्र छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर देवळाचं चित्र काढताना त्यांच्याखाली नऊ पायऱ्या कोरल्या होत्या, खांबांच्या जाडीवरून हिशेब करून. गेल्या महिन्यात बाबा गेले. छापखान्याचे मालक लात्तान्झियो तो पत्रा घासून त्यावर संतांचं चित्र कोरवणार होते. “पोरी, न दिसणाऱ्या पायऱ्या विकत कोण घेणार?” आज देवळाशेजारी तळघर खणताना संगमरवराची कड लागली. मी मालकांना हाताला धरून ओढतच नेलं. मजूर माती उपसत होते, मी पायऱ्या मोजत होते. सात. आठ. नऊ. मालकांनी टोपी काढली. तेवढ्यात खड्ड्यातून हाक आली, “बाई, अजून एक आहे.” “चुकलाच की म्हातारा,” मालक हसले. “एका पायरीने,” मी म्हणाले. “पत्रा घासू नका. चित्रात खाली जागा आहे. दहावी मी कोरते.”