डबी उघडत नाही

"रक्तात अनोळखी पदार्थ आहेत. गोळी मिळणार नाही," मृण्मयीच्या बोटातून रक्ताचा थेंब तपासून गोळ्यांची बोलकी डबी गोड आवाजात म्हणाली.

मृण्मयीने ती टेबलावर आपटली. डबीने नैराश्याची गोळी कालही दिली नव्हती, आणि आज सकाळी मृण्मयी हातात टूथब्रश धरून नुसतीच बसून राहिली होती.

"अगं बाई, मी दुसरं काहीच घेत नाही!"

"तीन पदार्थ आहेत. घरच्यांना विचारा."

सासूबाई कानकोंड्या झाल्या. "चिमूटभर चूर्ण घालते हो तुझ्या दुधात. झाडपाल्याचं आहे, ते काय औषध असतं?"

"एक कळला," डबी म्हणाली.

नवरा खाकरला. "आमटीत मी माशाच्या तेलाचे थेंब टाकतो. मेंदूला चांगलं असतं म्हणे."

"शार्दूल! माझ्या आमटीत मासा?" सासूबाई ओरडल्या आणि पातेलं घेऊन अंगणात धावल्या. शार्दूल समजूत घालत मागे धावला. मृण्मयीच्या गोळीचं दोघंही विसरले.

"तिसरा?" डबीने विचारलं.

मृण्मयीने चोरून अंगणाकडे पाहिलं. ऑफिसात ती रोज मन प्रसन्न ठेवणाऱ्या दोन जेली खायची. पण जेलीच्या बरणीवर हसरं अस्वल होतं. अस्वलवाली वस्तू औषधात धरतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"डॉक्टरांना फोन लाव," ती डबीला म्हणाली, "आणि आवाज जरा बारीक ठेव."