नदीकडे पाठ

"लोखंडी पाइप नको, बायाबाई. लोखंडानं फोनातला बाण भलतीकडंच फिरते. बांबूच धर," टेकचंद म्हणाला.

बायाबाईने दोन्ही हातांनी बांबू धरला. वरच्या टोकाला अँटेना होता, तिच्या छातीच्या उंचीवर बांबूलाच सुतळीने बांधलेला टेकचंदचा फोन. फोनमध्ये एक साधं ॲप होतं. गावाचं नाव निवडलं की त्या दिशेला बाण दाखवायचं. त्याला नेट लागत नव्हतं. आसगावात सकाळपासून नेट नव्हतं आणि कोणाचा फोनही लागत नव्हता.

अँटेनाचं तोंड बाणाच्या दिशेला, भंडाऱ्याकडे ठेवायचं होतं. त्यामुळे टेकचंदच्या दुकानाच्या स्लॅबवर ती नदीकडे पाठ करून उभी राहिली.

मागे पुराच्या मधोमध चिंचेच्या झाडावर तिचा नवरा फकिरा होता. गावातली कुंताबाई दोन नातवंडांना घेऊन शेतातल्या झोपडीच्या छपरावर अडकली होती. त्यांना आणायला तो डोंगा घेऊन गेला, आणि डोंगाच उलटला.

"कपडे वाळवाची काठी म्हनत होतो आमी याले," बायाबाई म्हणाली. "याच्यातून खरंच आयकते का जी कोनी?"

"आयकते. तोंड बराबर पाहिजे. जरासं फिरलं का आवाज तुटते."

रेडिओ खरखरला. भंडाऱ्याहून भुपेंद्र बोलत होता. तोही टेकचंदसारखाच हौशी रेडिओवाला, आज बचाव पथकाजवळ बसलेला. "काका, होडी निघाली. जागा नीट सांगा. ओव्हर."

टेकचंद नदीकडे तोंड करून सांगू लागला. आधी झाड सांगितलं, मग छप्पर. सांगता सांगता तो थांबला.

काठावरची माणसं ओरडली. मग एकदम कोणीच ओरडेना.

"काय झालं जी?"

"काई नाही. तू बांबू हालवू नको."

"चिंच दिसते ना?"

चिंच नव्हती. तिच्या जागेवरून गढूळ पाणी सरळ चाललं होतं. टेकचंदने पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"दिसते," तो म्हणाला.

"काका, होडी एकच आहे," भुपेंद्रचा आवाज आला. "आधी कुठं पाठवू? झाडाकडे की छपराकडे? ओव्हर."

टेकचंदने बोलायचं बटण दाबलं. बटण तसंच दाबलेलं राहिलं.

बायाबाईने मान वळवली नाही.

"छप्पर सांगा, भाऊ," ती म्हणाली. "लेकरं हायेत तिथं."

टेकचंदने छप्पर सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, पुन्हा प्रश्न आला, तो बोलत राहिला. बायाबाईचे खांदे हलत होते. फोनमधला बाण मात्र जागचा हलला नाही.