शेवटच्या वळणावरची भिंत

पुतण्या शिडीवर उभा होता, हातात थिनरचं फडकं. खाली काकूने शिडी धरली होती. समोरच्या फलकावर काकांचं नाव होतं आणि नावापुढे त्यांची फेरीची वेळ. इतकी वर्षं त्या वेळेला कुणाचा हात लागला नव्हता. मोटार शर्यतीच्या या ट्रॅकची एक रीत होती : जो विक्रम मोडेल, त्यानेच जुनं नाव पुसायचं. ही रीत ज्याने पाडली त्याला बहुधा काका नसावा.

"उरका साहेब," ब्रश घेऊन खोळंबलेला रंगारी म्हणाला. "लिहिणं माझं काम. पुसायचं पाप तुमच्या माथी."

मागे गॅरेजमधले लोक शिट्ट्या मारत होते. पुतण्या सवाई निघाला, असं जो तो म्हणत होता. सवाईचा हात मात्र वर उचलला जात नव्हता. त्याला रडू येत होतं आणि तोंड लपवायला आता हेल्मेटही नव्हतं.

"काकू, हे काही खरं नाही गं," तो हळूच म्हणाला. "काकांच्या वेळी गिअर हाताने टाकायचा, टायर शर्यतभर तेच. माझी गाडी अर्धं काम आपलं आपणच करते. तुलना होतेच कशी?"

"पूस तू."

"शेवटच्या वळणावर तर माझी चूकच झाली. वेग आवरला नाही. दोन चाकं रेषेबाहेर गेली. आता नियमात बसतं म्हणून वेळ धरली, एवढंच."

"बघितलं मी." काकूने शिडीवरचा हात बदलला. "यांचीही दोनच चाकं गेली होती. तिथेच. तेव्हा रेषेला लागून भिंत होती."

पुतण्याने खाली पाहिलं. काका त्या भिंतीवर आदळून गेले, हे त्याला ठाऊक होतं. ती कुणी पाडली, हे घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"मीच पाडायला लावली," काकू म्हणाली. "ट्रॅकच्या ऑफिसचे उंबरे झिजवले. तिथले साहेब म्हणायचे, बाई, भिंत काढली तर वळण सोपं होईल, मग तुमच्या मिस्टरांचा विक्रम राहायचा नाही. मी म्हटलं, नाही राहिला तरी चालेल."

ती हे अगदी सहज बोलली, पण पुतण्याकडे न बघता.

त्याने फडकं फलकाला लावलं. जुना रंग हट्टी होता, निघता निघेना. तो दोन्ही हातांनी घासू लागला, डोळे भरलेले, काही नीट दिसत नव्हतं. पहिलं अक्षर गेलं तशी शिडी एका बाजूला कलली. काकूने ती छातीशी घट्ट आवळली.

"नाव नंतर पूस," ती ओरडली. "आधी एका हाताने धर!"